ओरिजिनल कुठलं?

प्रवासाला निघालेल्या मराठी माणसांत अस्सलराव चटकन ओळखू येतात. गाडी गावाच्या वेशीत शिरते न शिरते तोच त्यांची मान खिडकीबाहेर येते आणि पहिल्या पानटपरीवाल्याला सवाल जातो, "काय हो, इथलं खास काय? आणि ओरिजिनल कुठलं?" देऊळ, किल्ला, तळं यांची चौकशी मग सावकाश होते, ती काही संपून जाणार नसतात. 1956 साली सरकारने भाषेवर राज्यं पाडली, अस्सलरावांनी जिभेवर जिल्हे पाडले आहेत. साताऱ्याचे कंदी पेढे, सांगलीचं भडंग, सोलापूरची शेंगाचटणी, नागपूरचे तर्रीपोहे, असा त्यांचा भूगोल पक्का आहे. या नकाशावर एकच शत्रुराष्ट्र, बर्गर. हमरस्त्यावर ती लाल-पिवळी पाटी दिसली, की मागच्या सीटवरून मुलगी हळूच "बाबा, बर्गर..." म्हणते आणि अस्सलराव गाडीचा वेग वाढवतात. "एवढं कोल्हापूरला येऊन तू बर्गर खाणार?" हे वाक्य ते ज्या सुरात म्हणतात, तो ऐकून वाटावं की पोरगी चपला घालून अंबाबाईच्या गाभाऱ्यात निघाली होती.

अस्सलरावांची बाजू कच्ची नाही. जो पदार्थ ठाण्यात, नाशकात आणि दिल्लीत एकाच चवीचा मिळतो, तो खायला दोनशे किलोमीटर गाडी कशाला हाकायची, या प्रश्नाला सोपं उत्तर नाही. अडचण त्यांच्या दुसऱ्या श्रद्धेत आहे. त्यांना वाटतं, की एका बाजूला त्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या रुजलेला पदार्थ आहे आणि दुसऱ्या बाजूला परवा परदेशातून उतरलेलं, घाईत गिळायचं खाणं. आता ज्याला ते मुंबईचा आत्मा वगैरे म्हणतात तो वडापाव दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्यांनी 1966 साली सुरू केला, असं सांगितलं जातं. भारतात मॅकडोनाल्ड्स आलं 1996 मध्ये. म्हणजे सनातन आणि उपरं यांच्यात अंतर फार तर तीस वर्षांचं. आणि घाईचं म्हणाल, तर वडापाव गिरणीच्या पाळीला आणि लोकलला धावणाऱ्यांसाठीच वाढला. कर्जतचा वडा घ्या. भोर घाट चढायला गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात म्हणून गाडी कर्जतला थांबते, आणि तेवढ्या मिनिटांत दिवाडकरांचा वडा खिडकीतून आत येतो. त्याच्या कीर्तीत बेसनाइतकाच वाटा त्या इंजिनांचा आहे. लोणावळ्याची चिक्कीसुद्धा रेल्वेच्या वाटेवरच मोठी झाली. प्रवाशांना घाईत हातात देण्याजोगं खाणं यालाच जर फास्टफूड म्हणायचं, तर अस्सलरावांच्या यादीतली निम्मी दैवतं फास्टफूडच निघतील.

बर्गरच्या परकेपणाचंही असंच आहे. भारतातल्या मॅकडोनाल्ड्सने पहिल्या दिवसापासून गोमांस ठेवलं नाही, आणि इथे सर्वांत लाडका झाला तो बटाट्याच्या टिक्कीचा बर्गर. बटाट्याचं सारण, तळण, पाव: साहित्याची यादी अस्सलरावांच्या हातात दिली आणि नाव झाकलं, तर "दादरचा का?" असंच ते विचारतील. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतला आणि मिरचीही तिकडचीच, हे आता शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. पण मिसळीचा कट भुरकताना ते अस्सलरावांना आठवत नाही, आणि आठवू नयेच. घाम पुसायचा असतो.

मग अस्सलरावांना नेमकं हवं तरी काय असतं? माझ्या मते, हमी. बर्गर खाणाऱ्यालाही तीच हवी असते. फरक इतकाच, की तो ती पाटी बघून मिळवतो आणि अस्सलराव चौकशी करून. निघण्याआधी चार मित्रांना फोन होतात, दहा व्हिडिओ पाहिले जातात आणि सगळ्यांनी एकमुखाने सांगितलेल्या दुकानासमोर अस्सलराव रांगेत उभे राहतात. त्या रांगेत पुढे पुण्याचे अस्सलराव, मागे डोंबिवलीचे. गावातला माणूस औषधालाही नाही, तो घरी जेवतो आहे. ही मागणी व्यापाऱ्यांनी केव्हाच ओळखली. म्हणून एका ओळीत 'मूळ', 'जुने', 'ओरिजिनल' आणि 'सुप्रसिद्ध' अशी चार दुकानं लागतात, आणि चौघांच्या पाटीवर 'आमची कोठेही शाखा नाही' हे अभिमानाचं वाक्य असतं. दुकानाला शाखा नाही हे खरंच. पदार्थाला मात्र आहे. चुलीवरची मिसळ आज कुठल्या हमरस्त्यावर नाही? तांबडा-पांढरा रस्सा कोल्हापूरच्या बाहेर जितका दूर जातो तितका लाल होत जातो, कारण तिखट म्हणजे कोल्हापुरी ही गिऱ्हाइकाची समजूत सांभाळायची असते. प्रत्यक्ष कोल्हापुरात मात्र रात्री गंगावेशीच्या कट्ट्यावर लोक म्हशीचं ताजं धारोष्ण दूध पीत उभे असतात. त्या दुधाचा उल्लेख अस्सलरावांच्या यादीत शेवटी, वेळ उरला तर, असा असतो. दुधाने जिभेला झटका बसत नाही आणि फोटोतही ते दूधच दिसतं.

यावर अस्सलराव म्हणतील, की हमी शोधण्यात गैर काय? अजिबात नाही. पण मग मागच्या सीटवरची माणसं वेगळी हमी मागतात ती हलकी कशी? या ठिकाणी अस्सलरावांच्या तत्त्वज्ञानाला मोठं भोक आहे आणि ते त्यांना कधी दिसलेलं नाही, कारण ते पुरुष आहेत. त्यांच्या सौभाग्यवती गाडी कुठे थांबवायची हे पदार्थावरून ठरवतच नाहीत. त्या विचारतात, "तिथे बाथरूम बरं आहे का?" तीन तास पाणी प्यायचं टाळून बसलेल्या बाईला त्या लाल-पिवळ्या पाटीचा अर्थ बर्गर असा नसतो, आतून कडी लागणारं दार, वाहतं पाणी आणि कोणी हटकणार नाही याची खात्री, असा असतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या फूडमॉलमधली गर्दी चवीवर भाळून येते असं ज्याला वाटतं, त्याने तिथे महिलांच्या स्वच्छतागृहाबाहेरची रांग पाहावी. लहान मुलाला तिखट चालत नाही, सासऱ्यांना शाकाहारी कढईतलंच हवं, कोणाला पथ्य आहे; या सगळ्यांना दर फलकावर लिहिलेलं, हिरवा ठिपका असलेलं, काल होतं तसंच आज मिळणारं खाणं सोयीचं पडतं. त्यात संस्कृतीचा ऱ्हास वगैरे काही नाही. उलट घाटमाथ्यावरच्या एखाद्या नामांकित मिसळवाल्याने उद्या दोन स्वच्छ संडास बांधले, तर बर्गरवाल्यांचं निम्मं गिऱ्हाईक त्याच्याकडे वळेल. अस्सलरावांनी हा प्रश्न 'ओरिजिनल कुठलं?' इतक्याच मोठ्याने विचारला असता, तर एव्हाना ते बांधलेही गेले असते.

एवढं म्हटल्यावर कोणी विचारेल, की मग दोन्ही सारखंच का? बर्गर खाऊन परत यावं? तसं नाही. स्थानिक दुकानात दिलेला पैसा त्या गावात जास्त फिरतो, हा अस्सलरावांचा मुद्दा मला मान्य आहे. भडंगाची पिशवी घेतली की सांगलीच्या माणसाचं घर चालतं. पण चवीपुरतं बोलायचं, तर खरा फरक जुनं-नवं किंवा देशी-परदेशी असा नाही. बर्गरला ऋतू नसतो. तो बारा महिने तेरा काळ हजर, कारण त्याच्यामागे शीतगृहं, ट्रक आणि तोलून-मापून पाठवलेली पाकिटं असतात. स्थानिक पदार्थाची ओळख नेमकी उलटी. त्याला 'आज नाही' असं म्हणता आलं पाहिजे. गूळभेंडी ज्वारीचा हुरडा दाण्यात दूध आहे तोवरच; थंडीतल्या त्या थोड्या दिवसांनंतर आगटी पेटवून उपयोग नाही. जळगावकडची मोठी हिरवी वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजून केलेलं भरीत थंडीतच खावं. उन्हाळ्यात भरीत मिळतं, पण वाढणाराच ते जरा ओशाळून वाढतो. जो पदार्थ मिळण्यासाठी पाऊस, थंडी किंवा भरती-ओहोटीची परवानगी लागते, तो खायला दोनशे किलोमीटर जाण्यात अर्थ आहे. जो कुठल्याही दिवशी, कितीही माणसांना, अर्ध्या तासात मिळतो, तो चुलीजवळ बसवून वाढला तरी बर्गरचा चुलतभाऊच.

अस्सलरावांची हार होते ती याच ठिकाणी, कारण 'नाही' हा शब्द त्यांना सहन होत नाही. सुट्टी मोजकी, हॉटेल आगाऊ घेतलेलं, यादी तयार. म्हणून ते ऐन जुलैत मालवणला पोचतात आणि सुरमईचं ताट मागतात. मासळीच्या विणीसाठी जून-जुलैत यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीची बंदी असते, दर्याही खवळलेला असतो. पण गिऱ्हाईक मागतंय म्हटल्यावर सुरमई येते. कुठून येते, केव्हा धरलेली, कुठल्या बर्फातून निघाली, हे अस्सलराव विचारत नाहीत. समोर सोलकढी आहे, भिंतीवर होडीचं चित्र आहे, पाटीवर 'घरगुती' लिहिलं आहे, समाधानाने ते मुलीला म्हणतात, "बघ, हे तुझ्या बर्गरमध्ये मिळेल का?" बर्फातलं पाकीट फोडून तळणं या एका बाबतीत त्या ताटात आणि बर्गरमध्ये फारसा फरक नाही. बर्गरवाला निदान समुद्राचं चित्र लावत नाही.

त्याच जुलैत त्याच मालवणात काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळी असते. टाकळ्याची, फोडशीची भाजी असते, शेतातल्या कुर्ल्या असतात. यांतलं बरंचसं कुठल्याही यादीत नसतं, म्हणून ते मागायला कोणी जात नाही, आणि मागत नाही म्हणून हॉटेलवाला करत नाही. तेव्हा अस्सलराव, पोरीला वाटेत बर्गर खाऊ द्या, बाईंना हवं तिथे गाडी थांबवा, आणि मुक्कामी पोचल्यावर 'ओरिजिनल कुठलं?' याऐवजी 'आज तुमच्या घरी काय केलंय?' एवढं विचारून पाहा. उत्तर सुरमई असं आलं नाही, तरी पानावर बसा.