सिरियलीतले जादूगार मामा

परभणीत भर मे महिन्यात चहाच्या टपरीवर एखादा माणूस चकचकीत, लांब बाह्यांचा कोट घालून बसलेला दिसला, की ओळखावं, जादूगार मामा. बेचाळीस अंशांत कोट कशाला? "बाह्या नकोत का? माल ठेवू कुठं मंग?"

सगळ्या गल्लीचे ते मामा. घरातल्या पोराच्या कानातून रुपया काढल्याशिवाय ते कुणाकडं पाणी पीत नाहीत. चहाचे पैसे द्यायची वेळ आली, की तोच रुपया गायब होतो. टपरीवाला आता हसतसुद्धा नाही, वहीत मांडतो.

पण मामांना जादूगार म्हटलेलं खपत नाही. "आर्टिस्ट म्हण!" कारण देवगिरी एक्स्प्रेसनं रात्रभर बसून ते एकदा मुंबईला गेले आणि एका मालिकेत भोंदूबाबा होऊन आले. वाक्यं दोन, त्यातलं एक कापलं. एपिसोडच्या दिवशी गल्लीभर निरोप गेले, मामींनी चिवडा केला, बाबा पडद्यावर आले आणि लाईट गेली. पोरं ओरडली, "मामा, लाईट बी तुमीच गायब केली का वो?" मामा अजून बोलता बोलता 'कट टू' म्हणतात. मामी ताटं घेतात तेव्हा, "कट टू जेवण."

टीव्हीबद्दल त्यांचं मत मात्र पक्कं. "मांडवात माणूस माझ्या डोळ्यात बघतो, तवर हात आपलं काम करतो. क्यामेरा नुस्ता हाताकडंच बघायलाय!" मग जादूगार पी. सी. सरकारांचा किस्सा ठरलेला. १९५६ साली बीबीसीवर सरकारांनी मुलीला करवतीनं कापलं, ती उठेना, आणि नेमका तिथंच कार्यक्रम संपला. मुलगी मेली की काय म्हणून लोकांनी फोन करकरून बीबीसीला हैराण केलं. "ह्याला म्हणतात टायमिंग!" मामा अशा थाटात सांगतात, की करवत यांनीच धरली होती. पुण्याच्या जादूगार रघुवीरांचं नाव निघालं, की मात्र कानाच्या पाळीला हात लावून गप्प.

२०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला, तेव्हा एका मुख्याध्यापकांनी घाबरून मामांचा खेळ रद्द केला. मामा कायद्याची झेरॉक्स घेऊन हजर. "सर, बंदी बुवाबाजीला हाय. मी तर पोरांना आधीच सांगतो, ही हातचलाखी हाय म्हणून." खेळ झाला. राख भाताच्या पेजेत मळून, वाळवून गोळी करतात, ती बोटांत लपवून चुरली की विभूती, हे पोरांना करून दाखवलं. हीच विभूती मुंबईत बाबा होऊन काढताना कॅमेऱ्यात गोळी दिसली आणि रिटेकवर रिटेक झाले, एवढं मात्र ते शाळेत सांगत नाहीत.

पोराच्या वाढदिवसाला त्यांना बोलावणार असाल, तर फोनवर आधी "तुम्हाला सिरियलीत पाहिलं" म्हणा. मानधन निम्म्यावर येतं. कबुतरांचे वेगळे पडतात.