निरंक अहवाल

बालमजुरीविरोधी दिन जगभर 12 जूनला पाळतात. ही तारीख ठरवणाऱ्यांना बीड जिल्हा ठाऊक नसावा, किंवा फारच चांगला ठाऊक असावा. कारण या दिवशी कोयता छपराला खोचलेला असतो, ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतलेल्या असतात, मोठी माणसं आभाळाकडे बघत असतात आणि पोरं गावभर हुंदडत असतात. साहेबांनी गाडीचं डिझेल संपेपर्यंत जिल्हा पालथा घातला, तरी उसाच्या फडात एकही बालकामगार सापडायचा नाही. मग प्रभातफेरी निघते, शपथ होते आणि ‘निरंक’ असा अहवाल वर जातो. बैठकीत चहा आणणाऱ्या छोटूचा विनोदही आता करता येत नाही. कचेरीत चहाचं मशीन बसलंय.

दिवाळीच्या सुमारास मुकादमाचा ट्रॅक्टर येतो. ट्रॉलीत भांडी चढतात, बाज चढते, शेळी चढते आणि शेवटी पोरं. पुढचे पाच-सहा महिने त्यांचं नाव गावच्या शाळेत आणि ती स्वतः सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात. मूल सलग तीस दिवस न कळवता गैरहजर राहिलं, तर मुख्याध्यापकांनी नोडल अधिकाऱ्याला कळवावं, असा नियम आहे. पण मुख्याध्यापकांना पटाची काळजी. पट घसरला तर शाळेलाच कुलूप लागायचं. तेव्हा मूल गेलं तरी चालेल, नाव जाता कामा नये.

फडात ही मुलं काम करतात, असं कृपया म्हणू नका. ती ‘मदत’ करतात. बालकामगार कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवायला बंदी केली, पण शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत घरच्यांना मदत करायची मोकळीक ठेवली. ही मोकळीक कुणी सैल धरू नये, म्हणून 2017 च्या नियमांत पक्क्या गाठीही मारल्या. दिवसाला तीन तासांवर मदत नको. रात्री सात ते सकाळी आठ अजिबात नको. आणि धंदा कुटुंबाच्याच ताब्यातला हवा.

नियम नामी आहेत. पण कोपीवरची, म्हणजे फडाजवळच्या झोपडीतली, चूल पहाटे पेटते आणि उसाची गाडी रात्री-बेरात्री भरायला येते. दोघींनाही वाचता येत नाही. कुटुंबाच्या ताब्याचं म्हणाल, तर ऊस बागायतदाराचा, साखर कारखान्याची आणि उचल मुकादमाची. कुटुंबाचा म्हणून फक्त कोयता. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता मांडतात, एकटा असेल तर अर्धा. वाढे बांधणारी, पाणी आणणारी, धाकट्याला काखेत घेऊन दिवस काढणारी नऊ वर्षांची पोर या वहीत कुठेच नाही. आणि जी वहीत नाही तिला राबवलं कुणी, हे कसं ठरवायचं?

कारखाना म्हणतो, आमचा व्यवहार मुकादमाशी. मुकादम म्हणतो, उचल मी बापाला दिली, पोराला नाही. बाप म्हणतो, पोर घरचंच आहे, कोपीवर एकटं ठेवू का? तिघांचंही खरं. बालकामगार ठेवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा वीस ते पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. शिक्षा वर्षानुवर्षं तयार होऊन बसली आहे, फक्त ती न्यायला कोणी येत नाही.

सरकारनं काहीच केलं नाही, असं मात्र नाही. 1988 पासून चाललेला राष्ट्रीय बालकामगार प्रकल्प 2021 मध्ये समग्र शिक्षा अभियानात विलीन करून टाकला. 2011 च्या जनगणनेत पाच ते चौदा वयाची एक कोटीहून जास्त कामकरी मुलं निघाली होती. 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आकडा एकानंही वाढला नाही. इतक्या कमी खर्चात इतका रोख परिणाम दुसऱ्या कुठल्या उपायानं साधला असता?

या सगळ्या सोयीत मोडता घालणारी माणसंही आहेत. तिकडे आताच्या तेलंगणातल्या रंगारेड्डी जिल्ह्यात बालहक्क कार्यकर्त्या शांता सिन्हा आणि त्यांच्या फाउंडेशननं भलतीच व्याख्या धरली: शाळेबाहेरचं प्रत्येक मूल बालकामगार. मग मदत, हौस, संस्कार यांना जागाच उरली नाही. गावानंच दारोदार फिरून मुलं शाळेत आणली. 2003 मध्ये सिन्हांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. व्याख्या मात्र कायद्यानं घेतली नाही. आपल्याकडेही हंगामी वसतिगृहं आहेत. पोर आजी-आजोबांपाशी राहतं, जेवणाची सोय होते, शाळा सुटत नाही. उपाय इतका साधा आहे की त्याच्या मंजुरीला उशीर होणं क्रमप्राप्तच. ट्रॅक्टर दिवाळीला निघतो आणि कागद सावकाश चालत येतो.

मोजदाद आपल्याला जमत नाही, असं कुणी म्हणू नये. उसाचा रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, 10.25 टक्के साखर उताऱ्यावर ठरतो. टनामागे साखर किती निघाली, हे आपण दशांश चिन्हापुढे दोन आकड्यांपर्यंत सांगतो आणि त्यावरून आंदोलनंही करतो. याच व्यवस्थेनं ऐन हंगामात एकदा फडातली पोरंही मोजावीत. ती पूर्णांकात मोजली तरी चालतील.