छत्तीसची परवानगी

आमच्या मंडळीतले एक काका आकुर्डीच्या बजाजमध्ये चेतकच्या जमान्यापासून इन्स्पेक्शनला होते. २००७ साली तिथलं उत्पादन थांबलं. काकांनी गेज कंपनीला परत केला, सवय मात्र घरी आणली. गेजची 'गो' बाजू भोकात गेली पाहिजे, 'नो-गो' बाजू जाता कामा नये. नाही जमलं तर पार्ट लाल क्रेटमध्ये, मग तो सप्लायर साहेबांचा जावई का असेना. रविवारी उपासना सुटली आणि चहाचा कप हातात आला की काका विचारतात, "बिशपांसाठी असा गेज कुणी का काढत नाही रे?"

मी म्हणतो, "काका, आपल्याकडे लाल क्रेट नसतो. आपल्याकडे बदली असते."

हल्लीच्या पोरांना बायबल येत नाही, अशी पाळकसाहेबांची तक्रार असते. असेलही. पण कमिटीतल्या पोरांना 'उत्पत्ती एक' नसलं तरी 'शेड्यूल एक' तोंडपाठ आहे. धर्मादाय आयुक्तांकडचा हा उतारा. ट्रस्टी कोण आणि जमीन किती, ते त्यात असतं. मग चेंज रिपोर्ट, त्यावर हरकत, हरकतीवर हरकत. १९५० च्या विश्वस्त कायद्याचं कलम ३६ सांगतं की ट्रस्टची जमीन विकायची तर आयुक्तांची परवानगी आधी घ्या. दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले की मराठीत त्याला छत्तीसचा आकडा म्हणतात. हे कलम लिहिणारा आमच्या एखाद्या वार्षिक सभेला बसून गेला असणार!

यात मिशनऱ्यांचीही चूक आहेच. त्यांनी गावाबाहेर, जिथे कुत्रं फिरकत नव्हतं तिथे, शाळा आणि दवाखाने बांधले. गाव वाढत वाढत कंपाउंडला येऊन भिडलं. आता तिथल्या चिंचेखाली उभं राहून एखादे पाळकसाहेब आभाळाकडे बघतात, तेव्हा प्रार्थना चाललीय की एफएसआय मोजणं, कळत नाही.

उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, १९७० साली नागपुरात स्थापन झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये तिचे तेव्हाचे मॉडरेटर, म्हणजे प्रमुख, जबलपूरचे बिशप, त्याच नागपूरच्या विमानतळावर पकडले गेले. त्याआधी घरावर छापा पडला होता आणि १ कोटी ६५ लाखांची रोकड मिळाल्याचं पोलिसांनी सांगितलं. शाळांच्या फीचा पैसा भलतीकडे वळवल्याचा आरोप होता. खरंखोटं कोर्ट बघेल. तिकडे विलायतेत एका जुन्या अत्याचार प्रकरणाचा नीट पाठपुरावा झाला नाही, म्हणून २०२४ च्या नोव्हेंबरात कँटरबरीच्या आर्चबिशपांनी राजीनामा जाहीर केला. चौकशीचा अहवाल आल्यावरच, हे खरं. पण दिला. आमच्याकडे राजीनामा मागितला, तर मागणाऱ्याचंच नाव सभासद यादीतून गळतं.

जबलपूरची बातमी आली त्या सकाळी लिफ्टमध्ये शेजारी भेटले. भला माणूस. कॉन्व्हेंटमध्ये मुलीच्या ॲडमिशनसाठी चार महिने माझ्यामागे होते. "तुमच्याकडे शिस्त असते हो," म्हणायचे. त्या दिवशी हळूच म्हणाले, "तुमच्याकडे पण?" आवाजात चक्क दिलासा होता. स्वतःच्या देवस्थान ट्रस्टची भांडणं दोन वर्षं झाकून दमलेले, बिचारे. त्या दिवसापासून आम्ही दोघं मोकळेपणाने बोलतो.

काकांना सांगितलं, तर ते हसले नाहीत. म्हणाले, "याला टॉलरन्स वाढवणं म्हणतात. पार्ट सुधारेना की ड्रॉइंग बदलायचं. मग सगळेच पार्ट पास."

आणि कुठे बसून म्हणाले? आकुर्डीत. तुकोबांची पालखी देहूबाहेरचा पहिला मुक्काम जिथे करते, त्या विठ्ठल मंदिरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. बापाकडून आलेल्या सावकारीची खतं ज्याने इंद्रायणीत बुडवली असं सांगतात, तो हा गृहस्थ. रेव्हरंड टिळक म्हणायचे की मी ख्रिस्ताकडे आलो तो तुकारामाच्या पुलावरून. त्यांनीही १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. पुण्याचे बिशप राहिलेल्या थॉमस डाबरे यांनी तर तुकोबांवरच डॉक्टरेट केली. म्हणजे पूल अजून शाबूत आहे. वाहतूक तेवढी कमी झालीय.

गेल्या रविवारी काकांनी उभं राहून तीन वर्षांचा ऑडिट रिपोर्ट मागितला. पाळकसाहेबांनी प्रेमाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, "काका, आपण यावर प्रार्थना करू." काका म्हणाले, "करू. रिपोर्ट हातात धरून करू." खजिनदारांना एकदम खोकला आला.

संध्याकाळी नोटीस बोर्डावर कागद लागला. वार्षिक सर्वसाधारण सभा, वेळ सायंकाळी पाच. दिवस नेमका पालखी आकुर्डीत मुक्कामाला येते तो. हायवे बंद, रिक्षा बंद, निगडीपासून मुंगीला शिरायला जागा नाही. गणपूर्ती व्हायची नाही, मग अर्ध्या तासाने हजर असतील तेवढ्यांत सभा, आणि हिशेब एकमताने मंजूर.

काकांनी चष्मा लावून नोटीस दोनदा वाचली. "चालत येईन," म्हणाले. "ते देहूहून येतात की."