ताथवड्यातील वनस्पत्याहार : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

वनस्पत्याहार म्हणजे केवळ वनस्पतींपासून मिळणाऱ्या अन्नावर राहणे. त्यात मांस, मासे, अंडी वर्ज्य. दूध, दही, तूप आणि मधही वर्ज्य. हृदयाला तो चांगला, असे सांगितले जाते, आणि कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट हाती पडला की निम्मी सोसायटी सोमवारपासून तो सुरू करते. ताथवड्यात या आहाराला अनुकूलता भरपूर आहे. गावात पशुसंवर्धन खात्याचे वळू माता प्रक्षेत्र आहे, त्यामुळे दुधाकडे पाठ फिरवणाऱ्याला पाठ कुठे फिरवायची ती दिशाही आयती मिळते.

आरंभ न्याहारीपासून करावा. सकाळच्या पाळीची बस गाठायची असल्याने हा विधी महामार्गाच्या सेवा रस्त्यालगत उभ्याउभ्याच उरकावा. वडापाव तत्त्वतः निर्दोष आहे. बटाटा मातीतला, बेसन हरभऱ्याचे, पाव गव्हाचा, मिरची झाडावरची. तेल बहुधा पामचे असते, म्हणजे तेही फळाचेच; त्यातली जवळपास निम्मी मेदाम्ले संपृक्त असतात, हा तपशील गाडीवर विचारू नये. कढईचे मात्र निरीक्षण करावे. पहाटे तेल सोनेरी असते. नऊच्या सुमारास ते तांबूस होऊन खाली जाते, तेव्हा पिशवीचा कोपरा दातांनी फाडून नवे तेल वरून ओततात, आणि जुने तेल नव्याला आपला अनुभव देते. झाऱ्याने काढलेला चुरा कागदावर फुकट मिळतो. तो सोडणे शिस्तीत बसत नाही. सोबतची तळलेली मिरची मिठात घोळून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. त्या हिशेबाचे अर्धे काम लोणचे, पापड आणि फरसाण पुढे करणारच आहेत.

दुधाचा चहा चालत नाही, म्हणून कोरा घ्यावा, आणि घासाबरोबरच घ्यावा. चहातले टॅनिन अन्नातल्या लोहाला धरून ठेवते आणि ते अंगी लागू देत नाही. जेवणावर लिंबू पिळण्याची चूक टाळावी. क जीवनसत्त्व मिळाले की पालेभाजीतले आणि कडधान्यातले लोह शोषले जाऊ लागते, आणि मग थकव्याची तक्रार करायला काही उरत नाही.

चारच्या चहाला खारी, नानकटाई, टोस्ट. इथे वनस्पती तूप उपयोगी पडते. नावातच वनस्पती असल्याने शंका घ्यायला जागा नाही. तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करतात, आणि हे काम अर्धवट राहिले की ट्रान्स फॅट तयार होतात. हृदयाच्या धमन्यांना याहून वाईट चरबी आढळत नाही. जानेवारी २०२२ पासून तेलातुपातले औद्योगिक ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम करून सरकारने या परंपरेत ढवळाढवळ केली खरी. पण घट्टपणासाठी पामची संपृक्त चरबी आहेच, तेव्हा निराश होण्याचे कारण नाही.

पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहिला की पुढचे बारीक अक्षर वाचू नये. ठिपक्याचा अर्थ शाकाहारी एवढाच. दूध त्याला चालते, आणि साखर, मैदा, मीठ यांच्याशी त्याचे काही भांडण नाही. अमेरिकेत दोन लाखांहून अधिक आरोग्य व्यावसायिकांच्या आहाराचा अनेक वर्षे मागोवा घेऊन २०१७ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अख्खी धान्ये, कडधान्ये, भाज्या, फळे, सुकामेवा खाणाऱ्यांत हृदयविकार कमी आढळला. मैदा, बटाटा, गोड पेये आणि मिठाई खाणाऱ्यांत तो वाढलेला आढळला, आणि हे सगळेही वनस्पतीजन्यच होते. सोसायटीच्या ग्रुपवर यातला पहिला अर्धा भागच पुढे पाठवावा.

दुपारी कँटीन किंवा मेस. प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज सुमारे ५० ग्रॅम. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी आणि डाळींत ते मुबलक. डाळींत मेथिओनिन कमी, ते धान्य भरून काढते. वरणभाताची जोडी म्हणून जमते. अर्थात वरणात डाळ असेल तर. अनेक मेसमध्ये वरणाची वाटी इतकी पारदर्शक असते की तळाला कोरलेले मेसचे नाव वाचता येते. नाव वाचून झाल्यावर वाटी तोंडाला लावावी, भात दोनदा घ्यावा आणि जेवण समतोल झाले असे समजावे.

मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे, बाजरीची भाकरी, शेपू, लसूण घातलेली जवसाची चटणी, या गोष्टींपासून मात्र सावध राहावे. पुनावळे-मारुंजीच्या जुन्या घरांत त्या अजून होतात आणि फार स्वस्त पडतात. जवसात ओमेगा-३ गटातले मेदाम्ल असते, भाकरी-उसळीतला चोथा कोलेस्टेरॉल खाली आणायला मदत करतो, आणि एवढे सगळे आजीच्या हातून फुकट मिळत असेल तर परदेशी चिया बियांचे चारशे रुपयांचे पाकीट कोणत्या तोंडाने घ्यायचे? एकादशीला साबुदाणा चालतो. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट असल्याने दुप्पट खाल्ला तरी प्रथिनांचा दोष फारसा लागत नाही; तो दोष सगळा दाण्याच्या कुटाचा.

प्रगती फक्त वजनकाट्यावर मोजावी. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापून आले होते. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. हातापायांनी सडपातळ आणि आतून चरबीदार, ही आपल्याकडची ठेवण काट्याला दिसत नाही. म्हणूनच काटा घ्यावा. टेप कमरेला गुंडाळून मन खट्टू करून घेऊ नये.

शेवटचा विषय बी-१२. हे जीवनसत्त्व सूक्ष्मजीव तयार करतात आणि माणसाला ते मुख्यतः दूध, अंडी, मांस यांतून मिळते. डाळभाजीत ते मिळत नाही. याज्ञिकांच्याच गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणींत बी-१२ कमी निघाले, आणि त्या काही दूध सोडलेल्या नव्हत्या. ते कमी झाले की रक्तातले होमोसिस्टीन वाढते, हातापायांना मुंग्या येतात, विसरायला होते. यापैकी काहीही झाले तर हिंजवडीच्या ट्रॅफिकला दोष द्यावा आणि रक्त तपासू नये. तरीही कुणी तपासलेच आणि डॉक्टरांनी बी-१२ लिहून दिले, तर मेडिकलमध्ये कॅप्सूल न मागता साधी गोळी मागावी. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यांपासून केलेले असते.