गोंदिया ते गोंदिया

गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून भल्या सकाळी एक छोटं विमान उडतं. डाव्या खुर्चीत साताऱ्याची विद्यार्थिनी, उजवीकडे प्रशिक्षक. जमिनीपासून हजार फूट वर जायचं, चारदा डावीकडे वळायचं, की काही मिनिटांत आलंच गोंदिया! चाकं टेकतात न टेकतात तोच थ्रॉटल पुढे आणि पुन्हा वर. याला ‘टच अँड गो’ म्हणतात. रात्री आई फोनवर विचारते, “आज कुठं गेली होतीस?” कन्या म्हणते, “गोंदियाला.” आणि निघाली कुठून, याचंही उत्तर तेच.

या प्रवासाची सगळी मौज आणि सगळी बेअब्रू शेवटच्या वीस फुटांत असते.

विमान डायमंड डीए-४०, चार आसनी. ऑस्ट्रियातल्या या घराण्याचे पूर्वज मोटर-ग्लायडर, त्यामुळे पंख लांब आणि सडपातळ. जमिनीपासून बाराएक मीटरच्या आत आलं की पंखटोकांवरच्या भोवऱ्यांना पसरायला जागा उरत नाही, हवेचा विरोध घटतो. त्यात वेग जास्त असला, तर ‘येते हं’ म्हणून दारातच गप्पा मारत उभ्या राहणाऱ्या मावशीसारखं विमान तरंगतच राहतं. गणित सरळ आहे: वेग १० टक्के जास्त, तर ऊर्जा २१ टक्के जास्त. ती खर्ची पडेपर्यंत खालून धावपट्टी मात्र भराभर सरकत असते.

मग धीर सुटतो. कन्या स्टिक पुढे ढकलते, पुढचं चाक आधी आपटतं आणि विमान टणकन उडतं. ते दाबायला पुन्हा स्टिक पुढे, पुन्हा उडी. अशा दोन-तीन उड्यांत पंखा जमिनीला लागू शकतो. यावर उपाय एकच: पूर्ण शक्ती देऊन परत वर. म्हणजे आणखी एक गोंदिया.

“उतरवू नकोस गं, धरून ठेव!” प्रशिक्षक ओरडतात.

“सर, पण उतरायचंच आहे ना?”

“विमानाला उतरायचंय. तू अडवत राहा.”

ऐकायला हे वेड्यासारखं वाटतं, पण खरं आहे. थ्रॉटल मागे घेऊन, नजर धावपट्टीच्या पार टोकाला ठेवून, नाक हळूहळू उचलत विमान जमिनीपासून वर धरून ठेवायचं. वेग संपला की मागची चाकं आपसूक टेकतात. नाकापुढच्या डांबराकडे पाहिलं की उंचीचा अंदाज हमखास चुकतो. गंमत म्हणजे, चांगलं उतरणं याच्या कितीतरी आधी, शेवटच्या वळणानंतर वेग काट्यावर धरण्यातच ठरलेलं असतं. बिघडलेला वेग खाली येऊन सावरणारे शूर बहुधा पुढचं चाक बदलवून घेतात.

शेजारी भाताच्या बांध्यांत सारस वाऱ्याकडे तोंड करून उतरतात, तेही प्रशिक्षकाविना. हा पक्षी महाराष्ट्रात मुख्यतः याच जिल्ह्यात उरला आहे.

व्यावसायिक परवान्यासाठी भारतात २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यात ३०० नाविक मैलांची, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरची एक सफर असते आणि तीत दोन परक्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरावं लागतं. तेव्हा उजवीकडची खुर्ची रिकामी असते.