कमरेचा पट्टा

९ मार्च २०२५ या रविवारी मुंबईत दोन प्रकारची माणसं होती. दुबईतल्या भारत-न्यूझीलंड अंतिम सामन्यासाठी टीव्हीसमोर पाय पसरून बसलेली, आणि महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर उन्हात उभी राहिलेली. आम्ही चौघं दुसऱ्या प्रकारातले. म्हणजे शरीरानं. आमच्यातल्या सीएचा जीव दुबईत होता, पण तिकिटाचे पैसे महालक्ष्मीत अडकले होते, आणि सीए माणूस अशा वेळी जीवापेक्षा पैशांच्या बाजूनं जातो.

निमित्त होतं लोलापलूझाचं. पेरी फॅरेल नावाच्या गायकानं १९९१ साली आपल्या ‘जेन्स ॲडिक्शन’ या बँडचा निरोपाचा दौरा म्हणून अमेरिकेत ही जत्रा काढली. ती मध्ये काही वर्षं बंद पडली, २००५ पासून शिकागोच्या ग्रँट पार्कात स्थिरावली आणि २०२३ मध्ये मुंबईत आली. निरोप अजून चालूच आहे. “निरोपाला एवढी गर्दी होत असेल तर कोण कशाला जाईल?” हे सीएचं मत.

आम्ही आलो होतो पंक ऐकायला, आणि पंक आणि पट्टा यांचं नातं जुनं. सत्तरच्या दशकातली लंडनची पंक पोरं धातूचे खिळे ठोकलेले चामडी पट्टे मिरवायची. आमच्या सीएनंही पट्टा बांधला होता. तो औषधांच्या दुकानातला. बाहेरून वेल्क्रो, आतून धातूच्या पट्ट्या. बांधायला लावणारा डॉक्टर आमच्यातच होता आणि फाटकावर यंत्र कोकलायला लागल्यावर तो शांतपणे आभाळाकडे बघत राहिला.

“काय आहे आत?” सुरक्षारक्षकानं विचारलं.

“पट्टा. एल-फोर, एल-फाइव्ह.”

रक्षकाचा चेहरा एकदम घरच्यासारखा झाला. “माझं पण तिथंच धरतं साहेब. दिवसभर उभं राहायचं ना.” मग डॉक्टरला आभाळ सोडावं लागलं. त्यानं तिथल्या तिथे दोन व्यायाम सांगितले आणि आमच्या मागची रांग, जिच्यातल्या एकाचेही केस मूळ रंगात नव्हते, हा ओपीडी संयमानं बघत राहिली.

आत चार मंच होते. सीएनं आदल्या रात्री एक्सेलमध्ये वेळापत्रक केलेलं, कुठून किती वाजता उठायचं आणि चालायला किती मिनिटं लागतील यासकट. उठायचं म्हणजे आधी बसायला हवं, ही बाब त्याच्या तक्त्यातून निसटली होती. हे मैदान घोड्यांच्या मापानं आखलेलं आहे. एका मंचाकडून दुसऱ्याकडे जाताना आमची मास्तरीण म्हणाली, “इथं पैसे माणसांवर लावत नाहीत ते बरंय.” मग ती गवतावर बैठक मारून बसली. तिथून तिला कोणताच मंच दिसत नव्हता. दोन्हीकडचं थोडं थोडं ऐकू येत होतं, आणि ते एकत्र जास्त बरं लागतंय असं तिचं म्हणणं पडलं.

दुपारी भलत्याच ठिकाणी आरोळ्या उठत होत्या. दुबईत कुलदीपनं रचिन रवींद्र आणि विल्यमसनला एकामागोमाग घालवलं, तेव्हा समोर एक मुलगी गिटार घेऊन फार हळवं काहीतरी गात होती. गर्दीतून टाळ्यांचा कडकडाट झाला. ती लाजली. तिला खरं कारण कळलं नसावं, आणि कळू नये असं आम्हा सगळ्यांना मनापासून वाटलं.

आमचा पंक बँड म्हणजे ग्रीन डे. त्यांचा ‘डूकी’ १९९४ चा. त्याच वर्षी ते अमेरिकेतल्या लोलापलूझात वाजवून गेले, आणि त्याच सुमाराला आमच्या वसतिगृहात त्या अल्बमची एक कॅसेट आली. तिच्यावरून दुसरी भरली, दुसरीवरून तिसरी. माझ्या वाट्याला आली तोवर तिच्यात गाणं कमी आणि खरखर जास्त उरली होती. ती खरखर म्हणजेच पंक, असा माझा कैक वर्षं समज होता. बाकी अख्ख्या मजल्यावर ‘हम आपके हैं कौन’ लागलेलं असायचं. खरं सांगायचं तर अर्धं सुख त्यातच होतं. आपल्याला जे कळतं ते मजल्यावरच्या कोणालाही कळत नाही, हे सुख कोऱ्या कॅसेटच्या किमतीत मिळत होतं.

त्यामुळे अंधार पडल्यावर ग्रीन डेचा गायक बिली जो आर्मस्ट्राँग, वय वर्षं ५३, मंचावर उड्या मारायला लागला आणि आजूबाजूची सगळी पोरं शब्द न् शब्द गायला लागली, तेव्हा मला बारीकसा राग आला. हे माझं होतं. यांना कोणी सांगितलं? आमच्या शेजारची एक मुलगी तर मास्तरणीला कौतुकानं म्हणाली, “आंटी, तुम्हीपण?” मास्तरणीनं वर्गासाठी राखून ठेवलेल्या नजरेनं तिला पाहिलं. “बाळा, तू जन्मायची होतीस तेव्हापासून.”

राग अर्ध्या गाण्यापुरताच टिकला. कारण कडव्यातली एक ओळ मला येईना. माझ्या कॅसेटवर ती खरखरीत बुडालेली होती. शेजारच्या पोराला खणखणीत येत होती. मग मी, आरतीत लांबलेल्या कडव्यांना आपण करतो तसं, त्याच्या तोंडाकडे बघत अर्धा शब्द मागून सोडत गेलो आणि ध्रुपद आल्यावर सगळ्यांत मोठ्यानं ओरडलो. सीए केव्हाच उड्या मारू लागला होता. डॉक्टर दर उडीला “पट्टा! पट्टा!” म्हणून कळवळत होता. मागच्या पोरांना ती घोषणा वाटली. त्यांनी ती उचलली.

सामना भारतानं सहा चेंडू राखून जिंकला. जडेजाचा चौकार सीएनं घरी गेल्यावर चार वेळा पाहिला, आडवा पडून.

मनगटावरच्या प्रवेशाच्या पट्ट्या कात्रीशिवाय निघत नाहीत. सोमवारी सकाळी दवाखान्यात कात्र्या भरपूर असूनही डॉक्टरनं आपली काढली नव्हती. रक्तदाब तपासून घेताना एका आजोबांचं तिच्याकडे लक्ष गेलं. “डॉक्टर,” ते काळजीनं म्हणाले, “तुम्ही कुठं ॲडमिट होतात?”