प्लॉटला नंबर असतो

पिंपळगाव बसवंतच्या ज्या बागेतली द्राक्षं युरोपला जायची असतात, त्या बागेची आधी नोंदणी होते. प्लॉटला नंबर पडतो. काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो आणि औषधाचा अंश मर्यादेबाहेर निघाला, तर तो माल निर्यातीला जात नाही. पेटीवरचा नंबर पाहून घड कुठल्या शेतातला हे शोधता येतं. 2010 साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशामुळे युरोपने आपला माल अडवला, तेव्हा साऱ्या निफाड तालुक्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तपासणीचा धाक म्हणजे काय, हे निफाडच्या बागाईतदाराला शिकवावं लागत नाही.

त्याच बागेत विरळणी करणाऱ्या बाईचं दीड वर्षाचं पोर दिवसभर कुठं असतं? त्याला कुठला नंबर आहे?

सासू धडधाकट असली तर सासूजवळ. पेठ-सुरगाण्याहून टोळीबरोबर आलेली बाई असेल, तर बांधावर, साडीच्या झोळीत. कांद्याच्या खळ्यावर जाणारी गल्लीतल्या मावशीकडे सोडते आणि आठवड्याचे पैसे हातावर ठेवते. बँकेत, शाळेत जाणारी घरगुती पाळणाघर गाठते. दारावर फुगे रंगवलेली पाटी आणि मोबाइल नंबर. नोंदणीचा कागद कुठं आहे, असं विचारायचं आईच्या मनातही येत नाही. तिला फक्त एवढंच पाहायचं असतं, की बाई चांगली वाटते का.

कायदे झाले, पण ते मोठ्या फाटकांसाठी झाले. 1948 च्या कारखाने कायद्याने, 1976 च्या दुरुस्तीनंतर, तीसहून अधिक बायका कामावर असतील तिथे पाळणाघराची सक्ती केली. 2017 च्या मातृत्व लाभ सुधारणेने 50 कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला तीच सक्ती केली. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात तर कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असली की त्यांच्यासाठी एका बाईला नेमा, असं लिहिलं गेलं. ही माणसांची मोजदाद मालकाच्या दारात होते. मावशीच्या ओट्यावर चार पोरं आहेत की चौदा, हे कोण मोजतं?

इंग्लंडात आपली द्राक्षं जातात. तिथे घरी मुलं सांभाळणाऱ्या बाईला नोंदणी करावी लागते, घराची तपासणी होते आणि तिचा अहवाल कुणालाही वाचता येतो. एकटीकडे आठ वर्षांखालची सहाच मुलं, त्यात अगदी लहान तीन, आणि वर्षाच्या आतलं साधारण एकच. यातला आकड्याचा नियम आपण आजच उचलावा. रांगणारी सात पोरं एका बाईला सांभाळता येत नाहीत. ती कितीही मायाळू असो.

खारघरच्या पाळणाघरात 2016 मध्ये दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्याने टिपली आणि सगळा महाराष्ट्र हादरला. सीसीटीव्हीची मागणी तेव्हापासून होते. कॅमेरा हवाच. पण तो घडून गेलेलं दाखवतो. न्हाणीघरातली भरलेली बादली तो रिकामी करत नाही, गॅसची नळी बदलत नाही.

मला पाळणाघरांना तारे देणारी क्रमवारीही नको. तारे दिले की भिंतींना रंग लागेल, फी वाढेल, आणि बांधावरचं पोर होतं तिथंच राहील. त्याआधी साधी, न सांगता होणारी तपासणी हवी. मुलं किती, बाया किती? पाणी उघडं आहे का? सिलिंडर कुठं? दाराला कडी कुठल्या उंचीवर? पोराला ताप आला तर आईचा नंबर कुठं लिहिलाय? आणि जे कमी पडेल ते भरायला थोडे पैसे, थोडं प्रशिक्षण. नुसती नोटीस बजावली तर मावशी पाळणाघर बंद करेल आणि उद्या ते पोर आईबरोबर डिपिंगला, घड औषधात बुडवायच्या कामाला, जाईल, फवारलेल्या वेलींखाली. असल्या तपासणीचा मला राग येईल.

ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मूल शाळेत येत नाही म्हणून शाळाच त्याच्या अंगणात न्यायची, यातून अंगणवाडी आली. आज अंगणवाडी दुपारी सुटते आणि बाग संध्याकाळी. 2022 पासून ‘पालना’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं ठरलं आहे. ते बागांच्या गावांत हंगामाआधी उभं राहिलं पाहिजे. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की बायकांना दम घ्यायला वेळ नसतो.

मागच्या हंगामात अशाच एका मावशीकडे गेले होते. स्वच्छ घर, पोरं जेवून झोपलेली. मोरीच्या कट्ट्यावर, गुडघ्याएवढ्या उंचीवर, शीतपेयाच्या बाटलीत निळसर पाणी. विचारलं, तर म्हणाल्या, औषध आहे, बागेचं उरलेलं. आपल्याकडे विषालाही औषधच म्हणतात. मी बोट दाखवलं तशी त्यांनी झटकन बाटली उचलली, माळ्यावर टाकली, हात धुतले. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, “ताई, अजून काय काय बघायचं असतं? आम्हाला कुणी सांगायलाच येत नाही.”